हडप्पाची मुद्रा स्वतः कोरायची तर: दगड निवडण्यापासून ठसा उमटेपर्यंत

पाठ्यपुस्तकात पाव पान व्यापणारी पशुपती मुद्रा प्रत्यक्षात किती मोठी आहे, ते विचारून पाहा. लोक हाताच्या पंजाएवढं माप दाखवतात. १९२८-२९ च्या हंगामात मोहेंजोदडोला सापडलेली आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली ही मुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीरुंदीची आहे. जाडी पाऊण सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत आसनस्थ पुरुष, हत्ती, वाघ, गेंडा, रेडा, आसनाखाली हरणं आणि वर लिपीची ओळ. आणि हे सगळं कोरलंय उलटं.

उलटं कोरण्याचं कारण उघड आहे. ज्याच्यासाठी ही मुद्रा घडवली, त्याला बघायचा होता तो ओल्या मातीवर उमटलेला ठसा. आपण मात्र काचेमागची मुद्रा बघतो आणि पुढे सरकतो. कारागिराचे निर्णय कळायचे असतील, तर एकदा स्वतः कोरून बघण्याला पर्याय नाही, असं माझं मत आहे. काम अवघड नाही. दोन-तीन शनिवार-रविवार आणि भरपूर चिकाटी एवढंच लागतं. आठवी-नववीच्या मुलांनाही मोठ्यांच्या देखरेखीखाली जमतं.

कोणती मुद्रा नक्कल करायला घ्यावी

हडप्पा संस्कृतीच्या ऐन भरातल्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० या दरम्यान, चौकोनी दगडी मुद्रा घडवल्या गेल्या. बहुतेकींची बाजू दोन ते चार सेंटिमीटर असते. वर लिपीची एक ओळ, खाली एक प्राणी आणि मागे भोक पाडलेला गुंडीसारखा उंचवटा, अशी ठरलेली रचना. प्राण्यांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा दिसतो तो एकशृंगी. त्याच्या तोंडापुढे दांड्यावर बसवलेलं, दुमजली कटोऱ्यासारखं काहीतरी असतं. ते नेमकं काय, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही.

नवख्यानं पशुपतीच्या वाटेला जाऊ नये. वशिंडाचा बैलही मोहात पाडतो, पण त्याच्या मानेखालची लोंबती पोळी नीट साधायला हात बसलेला लागतो. एकशृंगी बरा. शरीर सलग आणि गुळगुळीत, पाय सरळ, बारीक काम फक्त मानेवर आणि खांद्यावर. आखूड शिंगांचा, गव्हाणीवर मान खाली घातलेला बैलही सुरुवातीला चालेल.

छायाचित्र निवडताना एक खात्री मात्र आधीच करून घ्या: समोरचं चित्र मुद्रेचं आहे की तिच्या ठशाचं? पुस्तकांत दोन्ही छापतात आणि पुष्कळदा खाली खुलासा नसतो. ओळखायची एक युक्ती लिपीत आहे. ठशावर ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते. जागा संपत आली की कारागीर शेवटची चिन्हं डाव्या कडेला दाटीवाटीनं बसवतो, कधी खालीही ढकलतो. अशी दाटी डावीकडे दिसली तर ते ठशाचं छायाचित्र, उजवीकडे दिसली तर मुद्रेचं. लिपी कोणत्या दिशेनं जाते हे अभ्यासकांनी जे ताडलं, त्यात या दाटीचाच मोठा वाटा आहे.

लिपीच्या बाबतीत आणखी एक. "आपलं नाव हडप्पा लिपीत लिहा" असे तक्ते इंटरनेटवर फिरत असतात. ते निव्वळ बनावट आहेत. ही लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत ४१७ चिन्हं वेगळी काढली. लेखांची सरासरी लांबी पाचेक चिन्हांची आहे. इतक्या त्रोटक मजकुरावरून, आणि द्वैभाषिक लेख हाताशी नसताना, वाचन सिद्ध करणं फार कठीण. तेव्हा एकतर खऱ्या मुद्रेवरची ओळ जशीच्या तशी उतरवा, नाहीतर सरळ देवनागरीत किंवा मोडीत आपलं नाव घाला. खोट्या हडप्पा लिपीपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक.

दगड आणि हत्यारं

मूळ मुद्रांचा दगड म्हणजे शंखजिरे, बाजारात ज्याला सोपस्टोन म्हणतात तो. नखानंही ओरखडा उठतो इतका मऊ. आग्र्याकडे याच्या डब्या, हत्ती, दिवे होतात. असली एखादी फुटकी वस्तू घरात असेल तर फेकू नका, त्यातून दोन मुद्रा निघतील. नाहीतर हस्तकलेचं सामान विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांतून ठोकळा मागवा. नखाची चाचणी जरूर करा, कारण सोपस्टोनच्या नावाखाली कधीकधी बराच कठीण दगड हाती येतो. शिरा आणि चिरा नसलेला, एकसारख्या रंगाचा तुकडा निवडा. हात बसवण्यासाठी फॅब्रिकेशनवाले लोखंडावर खुणा करायला वापरतात त्या शंखजिऱ्याच्या चपट्या पट्ट्या उत्तम.

हत्यारं साधीच: हॅकसॉचं पातं, एक चपटी कानस, १२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर, कंपासपेटीतलं कर्कटक, दाभण, लाकडी मुठीत बसवलेल्या दोन-तीन जाड सुया, दोन मिलिमीटरचं ड्रिल बिट आणि ते हातानं फिरवायची मूठ. सुयांपैकी एकीचं टोक कानशीनं घासून छिन्नीसारखं चपटं करून घ्या. हडप्पाच्या कारागिरांकडे तांब्या-ब्राँझची हत्यारं होती. आपलं पोलाद त्याहून कठीण, म्हणजे आपलं काम सोपंच.

आता धुळीबद्दल, आणि हे गांभीर्यानं घ्या. काही खाणींच्या शंखजिऱ्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, आणि नुसती टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्यातल्या मुख्य खनिजाची, धूळही फुप्फुसांना चांगली नाही. म्हणून कापणं, घासणं, कोरणं सगळं ओलं करून करायचं. पाण्यानं भरलेलं पसरट भांडं समोर ठेवा, दगड सतत बुडवत राहा. एन-९५ मास्क लावा. गाळ ओल्या फडक्यानं पुसा. वाळल्यावर झाडू मारू नका.

ठोकळा कापणं आणि मागची गुंडी

पहिल्या मुद्रेसाठी बाजू चार सेंटिमीटर ठेवा. मापं इमानेइतबारे पाळायची हौस असेल तर दुसरी मुद्रा अडीच सेंटिमीटरची करा. तेव्हा मूळ कारागिराच्या नजरेची आणि हाताची खरी कल्पना येईल.

ठोकळ्याची जाडी १८ मिलिमीटर धरा. त्यातले आठ-नऊ मिलिमीटर मुद्रेच्या अंगासाठी, उरलेले मागच्या गुंडीसाठी. मागच्या बाजूला मधोमध दीड सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा. चारही बाजूंनी करवतीनं आठ-नऊ मिलिमीटर खोल काप द्या, मग बाजूनं आडवे काप घेऊन कडेचा दगड काढून टाका. मध्ये चौकोनी खुंट उरेल. तो कानशीनं गोलसर करा आणि डोक्यावर मधोमध एक खाच पाडा. ही खाच बहुतेक मूळ मुद्रांवर असते.

मग गुंडीच्या बुडाशी, खाचेला काटकोनात, आरपार भोक. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडा म्हणजे पलीकडची कड तुटत नाही. ड्रिल हळू, वरचेवर पाणी घालत. विजेचं ड्रिल इथं नकोच.

गुंडी आधी आणि कोरीवकाम नंतर, हा क्रम मुद्दाम सांगतोय. भोक पाडताना दगड फुटण्याची भीती सर्वांत जास्त. फुटायचाच असेल तर कोऱ्या दगडाचं नुकसान परवडतं. उत्खननात मिळालेल्या कितीतरी मुद्रांच्या गुंड्या तुटलेल्या आहेत, म्हणजे कमकुवत जागा हीच. पुढे, हडप्पा काळाच्या उत्तरार्धात, नुसती लिपी असलेल्या लांबट मुद्रा दिसू लागतात. त्यांना गुंडी नसते, भोक थेट अंगातून आरपार जातं. मोडणारी गुंडीच काढून टाकली, असा सरळ हिशोब त्यामागे असावा असं मला वाटतं.

पुढचा चेहरा १२० च्या पेपरवर आणि मग ४०० च्या पेपरवर पाण्यात घासून सपाट करा. पेपर काचेवर ठेवा, दगड त्यावर गोल फिरवा. इथं चालढकल केली तर ठशाच्या कडा एका बाजूला उमटतील, दुसऱ्या बाजूला नाहीत.

चित्र उतरवणं

ठशाचं छायाचित्र हवं त्या मापात छापून घ्या. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं गिरवा. आता तो कागद पालथा घालून, पेन्सिलीची बाजू दगडावर टेकवून, मागून नखानं घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं. छायाचित्र मुद्रेचंच असेल तर मध्ये कार्बन पेपर ठेवून सरळ गिरवा. चारही कडांनी दोन मिलिमीटर मोकळे सोडा, कारण कडा पुढे झिजतात आणि त्यांचे टवके उडतात. उतरलेल्या रेषा लगेच सुईनं हलक्या ओरखडून पक्क्या करा. पेन्सिल पाण्यात टिकत नाही.

कोरणं

इथं डोक्याला सवय लावावी लागते: जितकं खोल कोराल तितकं ठशात वर येईल. प्राण्याचा खांदा आणि मांडी ठशात फुगीर हवी, म्हणजे मुद्रेत तिथं सर्वांत खोल खड्डा. चार सेंटिमीटरच्या मुद्रेत खांद्याशी दोन मिलिमीटर, पोटाशी दीड, पायांशी एक, शिंगाशी अर्धा, इतका फरक पुरतो. याहून खोल गेलात तर माती आत अडकून तुटते.

आधी बाह्यरेषा कर्कटकानं. एकाच जोरात खोल रेष ओढू नका, टोक घसरून दगडभर ओरखडा जातो. हलक्या हातानं तीच रेष दहा वेळा. मग चपट्या सुईनं आतला भाग खरवडायला घ्या: खांद्यापासून सुरुवात, तिथून पोटाकडे उथळ होत जायचं, मग मांडीशी पुन्हा खोल. पाय शेवटी. खड्ड्याच्या भिंती उभ्या ठेवू नका, आतल्या बाजूला किंचित उतरत्या हव्यात, म्हणजे माती सहज सुटते.

ओबडधोबड आकार झाला की थांबा आणि ठसा घ्या. शाडूची माती पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा, एक सेंटिमीटर जाडीची चकती थापा, तिच्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवा, मुद्रा सरळ खाली दाबा आणि गुंडीला धरून सरळ वर उचला. डोलवू नका. ठसा तिरप्या उजेडात धरला की चूक लगेच दिसते: पोट चपटं, मान बारीक, मागचा पाय हवेत. दुरुस्ती एकाच दिशेनं होते, दगड आणखी काढता येतो, परत लावता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडं कमीच कोरायचं. ठसा, कोरणं, पुन्हा ठसा, हे चक्र पंधरा-वीस वेळा तरी फिरतं. माती खाचांत वाळण्याआधी जुन्या टूथब्रशनं मुद्रा धुऊन घ्या.

अंग मनासारखं झाल्यावरच बारीक काम हाती घ्या: डोळा, कान, मानेवरच्या समांतर रेषा, खांद्यावरची बदामी आकाराची नक्षी, शेपटीचा गोंडा. लिपी सर्वांत शेवटी. तिची जागा मात्र आधीच दोन पुसट रेषांनी राखून ठेवा. चिन्हांच्या रेषा प्राण्याच्या अंगासारख्या गोलाईदार नसतात. त्या एकसारख्या खोल आणि धारदार हव्यात. इथं टोकदार सुई उभी धरून काम करा.

भाजायची की नाही

हडप्पाचे कारागीर कोरलेल्या मुद्रेवर क्षारयुक्त लेप देऊन ती भट्टीत भाजत. साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या पुढे शंखजिऱ्याची घडणच बदलते. नखानं ओरखडणारा दगड पोलादी सुईलाही सहज दाद देत नाही आणि पृष्ठभाग पांढरा होतो. संग्रहालयातल्या मुद्रा पांढुरक्या दिसतात त्या यामुळे. मऊ असताना कोरायचं आणि मग कठीण करून घ्यायचं, ही हिकमत मला त्या कोरीवकामाहूनही जास्त थक्क करते.

घरच्या गॅसवर हे होणार नाही. प्रयत्नही करू नका, ओल असलेला दगड ज्योतीवर फुटून तुकडे उडतात. ओळखीच्या कुणाकडे सिरॅमिकची विजेची भट्टी असेल तर मुद्रा आठवडाभर वाळवून, तापमान अगदी हळूहळू वाढवत भाजून घेता येते. तरीही चीर जाण्याची शक्यता राहते, त्यामुळे सर्वांत चांगली मुद्रा पहिल्यांदा भट्टीत घालू नका. न भाजलेली मुद्राही शाडूवर शेकडो ठसे देते.

दगडाचा व्याप नको असेल त्यांच्यासाठी महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, उत्तर हडप्पा काळाच्या थरात गुंडीच्या आकाराच्या दोन गोल मुद्रा सापडल्या. त्यांच्यावर हडप्पा लिपीची चिन्हं आहेत आणि त्या भाजलेल्या मातीच्या आहेत. कुंभाराकडची माती घ्या, गोल मुद्रा घडवा, अर्धवट वाळल्यावर कोरा, पूर्ण सुकवा आणि त्याच्याच भट्टीत भाजून घ्या. शाळेतल्या मोठ्या वर्गासाठी हाच मार्ग बरा.

मुद्रा वापरून बघा

बहुतेक लोक सुटा ठसा घेऊन थांबतात. खरी गंमत त्यापुढे आहे. एक लहान मडकं घ्या, तोंडावर सुती कापड बांधा, सुतळीचे दोन-तीन वेढे देऊन गाठ मारा. गाठीवर शाडूचा गोळा असा दाबा की गाठ पूर्ण झाकली जाईल. त्यावर मुद्रा उमटवा. दोन दिवस सावलीत वाळू द्या. आता गोळा न फोडता मडकं उघडून दाखवा म्हणावं कुणालाही!

मग सुतळी कापून गोळा अलगद काढा आणि त्याची पाठ बघा. कापडाची वीण, सुतळीचा पीळ, गाठीचा खड्डा, सगळं जसंच्या तसं उमटलेलं असतं. शि. रं. राव यांनी १९५५ पासून खणलेल्या गुजरातमधल्या लोथलच्या गोदामात असेच मातीचे ठसे सापडले, आणि त्यांच्या पाठीवर कापड, दोर, बोरू यांच्या खुणा आहेत. गोदामाला आग लागली, त्यात माती भाजली गेली, म्हणून ते टिकले. एरवी कच्च्या मातीचे ठसे पाण्यात विरून जातात. त्यामुळे मुद्रा भरपूर सापडतात, ठसे फार थोडे. चटई, वेताची टोपली, दोरीनं बांधलेली लाकडी खुंटी अशा निरनिराळ्या वस्तूंवर गोळे लावून त्यांच्या पाठी शेजारी शेजारी मांडून ठेवा. पाठ बघून वस्तू ओळखायचा खेळ मुलांना फार आवडतो, आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक नेमकं हेच करतात.

थोडं मेसोपोटेमियाकडे

आजच्या इराकमध्ये याच कामासाठी इ.स.पू. ३५०० च्या सुमारास दंडगोल मुद्रा आल्या. दाबायच्या ऐवजी त्या मातीवर फिरवायच्या, की चित्रांची पट्टी उमटत जाते. करून बघायची असेल तर आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून घ्या, आतून तेल लावा, चिकटपट्टीनं बांधा आणि त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओता. मध्ये स्ट्रॉ उभी केली की भोकाचं काम होतं. चित्राची पट्टी ६३ मिलिमीटर लांब काढा. तिची दोन टोकं एकमेकांशी जुळली पाहिजेत, नाहीतर फिरवताना मध्येच सांधा दिसतो.

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या दोन दंडगोल मुद्रा आपल्या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत. एकीचा मालक शू-इलीशू हा "मेलुहाचा दुभाषी" होता, असं तिच्यावर कोरलंय. मेलुहा म्हणजे बहुधा सिंधू खोऱ्याचाच प्रदेश. दुसरी अक्कडचा राजा शार-कली-शार्री याचा लेखनिक इब्नी-शर्रुम याची. तिच्यावर लांब वळणदार शिंगांचे पाणरेडे आहेत, आणि हा प्राणी सिंधूकडून तिकडे गेला असं अभ्यासक मानतात.

पाठीवर खूण आणि मग संग्रहालय

मुद्रा पूर्ण झाली की गुंडीच्या बाजूला साल आणि आपली आद्याक्षरं ठळक कोरा. भाजणार असाल तर त्याआधी. ही औपचारिकता नाही. चांगली नक्कल चार हात फिरली की "अस्सल" म्हणून विकली जाते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. बाजारात कुणी खरी हडप्पा मुद्रा देऊ करत असेल तर ती एकतर खोटी असते, नाहीतर चोरीची. दोन्ही परिस्थितींत पैसे खिशातच ठेवावेत.

आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला सिंधू संस्कृतीचा विभाग बघून या. मोहेंजोदडोचा शोध लागला तेव्हा ते मुंबई इलाख्यात होतं, हे तिथं गेल्यावर आठवावं. १९११-१२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला जाऊन आले आणि विटा दोनेकशे वर्षांच्याच असाव्यात असं समजून परतले. पुढे त्याच खात्याचे राखालदास बॅनर्जी यांनी तिथं खणायला घेतलं, तेव्हा त्यांचं कार्यालय पुण्यात होतं. २० सप्टेंबर १९२४ रोजी खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची बातमी जगाला दिली.

काचेसमोर उभं राहिल्यावर आधी कोपरे बघा. झिजून गोल झालेले असतील तर ती मुद्रा बरीच वापरात होती. मग लिपीतली दाटी शोधा, बाजूच्या कडांवर करवतीच्या रेषा राहिल्यात का ते बघा, पांढरा थर कुठं उडालाय ते बघा. मागे आरसा लावला असेल तर गुंडी शाबूत आहे का तेही कळेल. परवानगी असेल तर फ्लॅश न वापरता फोटो घ्या आणि मोबाइलवर तो आडवा उलटवा, म्हणजे लिपी ठशासारखी सरळ होईल. एवढं करूनही प्राणी खड्ड्यात गेलेलाच दिसत असेल तर मोबाइल उलटा धरा. उजेड वरूनच येतो असं आपला डोळा गृहीत धरतो. त्यामुळे वरून उजेड पडलेला खड्डा फोटो उलटा केल्यावर उंचवटा भासतो, आणि बैलाचा खांदा एकदम फुगून वर येतो.